नवें सोवळें

गेल्या पौषांत माझ्या भाच्याकडे जेवणाचा योग आला. ठाकूरद्वारला ज्या जागीं आमची तीन मजल्यांची चाळ होती, त्याच जागीं आतां एक मनोरा उभा राहिला आहे, आणि त्याच्या एकोणिसाव्या मजल्यावर भाच्याचें बिऱ्हाड आहे. खिडकींतून चर्नी रोडपलीकडचा समुद्र दिसतो. खालीं पाहिलें तर उरल्यासुरल्या वाड्यांचीं कौलें दिसतात. टेबलाच्या मध्यभागीं, देव्हाऱ्यांत कुलदैवत ठेवावें अशा भावानें, एक बाटली ठेवलेली होती. ती इटलींतील पीएमोन्ते प्रांताची बारोलो. वय वर्षें पंधरा. तिच्यासाठीं भाच्यानें गार राहणारें एक स्वतंत्र कपाट घेतलें आहे. जेवणापूर्वीं दोन तास ती उघडून, तळचा गाळ बाटलींतच राहील अशा बेतानें, रुंद बुडाच्या एका कांचपात्रांत ओतण्यांत आली होती.

भाच्याचे एक स्नेही समोर बसले होते. वाइनचे पारखी म्हणून त्यांच्या मंडळींत त्यांची ख्याति आहे. पेला दांड्याला धरावा, पांढऱ्या रुमालापुढें तिरपा करून रंग पाहावा, मग हुंगावा, मग घोट तोंडांत घोळवावा, असें सर्व त्यांनीं आमच्याकडून करवून घेतलें. खोटें कशाला बोलूं? रंग खरोखरच जुन्या विटेसारखा होता. वासांत सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या होत्या, आणि त्यांच्याआड डांबराची एक पुसट छटा होती. घोट गिळल्यावर हिरडा चघळल्यासारखा तुरटपणा दांतांवर राहिला, तो बराच वेळ गेला नाहीं. वस्तु उत्तम होती. माझें भांडण तिच्याशीं नाहीं.

भांडण आहे तें स्वयंपाकघरांत काय घडलें त्याच्याशीं. अक्का, म्हणजे भाच्याची आई व माझी थोरली बहीण, सकाळपासून चुलीपाशीं होती. तिच्या हातचें, तिरफळ घातलेलें बांगड्याचें हुमण आमच्या नात्यागोत्यांत प्रसिद्ध आहे. तें पानांत नव्हतें. विचारलें तेव्हां कळलें, कीं तांबड्या वाइनशीं मासा चालत नाहीं म्हणून तें आठ दिवसांपूर्वींच रद्द झालें होतें. मटणाची शागुती होती. पण तिच्यांतल्या मिरच्या निम्म्यावर आणलेल्या. सोलकढी नव्हती, कारण तिच्यानें म्हणे जीभ बिघडते. शेवटचें मणगणें तेवढें टिकलें होतें, आणि तेंही गूळ कमी करून. "तिखट घातलं असतं रे," अक्का दाराआडून मला हळूच म्हणाली, "पण बाटलीला सोसत नाहीं म्हणे." नवऱ्याला काय सोसतें, मुलांना काय सोसतें, सासूला काय सोसतें, हें पाहून जिनें पंचेचाळीस वर्षें रांधलें, तिनें त्या दिवशीं प्रथमच एका बाटलीच्या प्रकृतीला जपून स्वयंपाक केला.

जेवण निम्में झालें असतां पारखी मला म्हणाले, "मामा, आपलं जेवण घरीं ठीक आहे. पण त्याला वाइन चालत नाहीं, म्हणून जगाच्या टेबलावर त्याला जागा मिळाली नाहीं. इटालियन जेवण बघा!" सर्वांनीं माना डोलावल्या. भाच्यानेंही डोलावली. मी पाहुणा होतों, म्हणून त्या वेळीं बोललों नाहीं. तें आतां बोलतों.

आमच्या आजीचें सोवळें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना मी काय म्हणतों तें लगेच समजेल. कशाला काय शिवलें कीं काय बाटतें, याचा सारा कायदा तिला तोंडपाठ होता, आणि 'कां?' या प्रश्नाला त्या कायद्यांत जागा नव्हती. सुधारकांनीं त्या सोवळ्याची पुरेशी टर उडविली, आणि आम्ही शिकलेले लोक त्यांच्याबरोबर हंसलों. त्याच आम्हां शिकलेल्यांच्या घरीं आतां हें नवें सोवळें आलें आहे. माशाला तांबडा पेला शिवूं नये; आंबटानें तो विटाळतो; मिरची तर पंक्तीबाहेरचीच. पूर्वीं माणसें बाटत, आतां बाटली बाटते, एवढाच काय तो फरक. आणखीही एक फरक आहे, आणि तो आजीच्या बाजूचा आहे. तिच्या सोवळ्यांत रांधणारीचा मान सर्वांत वर असे. या नव्या सोवळ्यांत रांधणारीच आरोपी आहे.

पारखी यावर म्हणतील, हें सोवळें नव्हे, शास्त्र आहे. तें शास्त्र मलाही ठाऊक आहे, आणि तें खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. बारोलो ज्या नेब्बिओलो द्राक्षाची होते, त्यांत तुरट द्रव्यें फार. तीं लाळेंतल्या प्रथिनांना धरून बसतात, म्हणून तोंड कोरडें पडतें. समोर मांस आणि चरबी आली, कीं तीं द्रव्यें तिकडे गुंततात आणि घोट मऊ लागतो; म्हणूनच पीएमोन्तेंत बारोलोंतच तासन्‌तास शिजविलेल्या गोमांसाबरोबर बारोलो पितात. मिरचीचा दाह मद्यार्कानें वाढतो, आणि या वाइनमध्यें मद्यार्क १४ टक्क्यांच्या आसपास असतो. दाहांत तुरटपणाही अधिक खरखरीत लागतो. माशाचेंही तसेंच. तांबड्या वाइनबरोबर मासा हिंवस लागण्याचें एक मोठें कारण वाइनमधलें लोह आहे, हें जपानी संशोधकांनीं २००९ सालीं दाखवून दिलें. तेव्हां बांगड्याचें हुमण आणि बारोलो यांचें जमत नाहीं, हें शंभर टक्के मान्य.

पण शास्त्र एवढेंच सांगतें, कीं या दोघांचें पटत नाहीं. दोघांपैकीं हीन कोण, हा निकाल शास्त्रानें दिलेला नाहीं. तो पारख्यांनीं आपल्या पदरचा दिला आहे. पत्रिका जुळली नाहीं तर स्थळ परत करतात. मुलगी कुरूप आहे असा डांगोरा पिटीत नाहींत. 'हुमणाला बारोलो चालत नाहीं' असें म्हणणारांनीं त्याच दमांत 'बारोलोला हुमण चालत नाहीं' असेंही म्हणून पाहावें. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे. परंतु दुसरें वाक्य आमच्या मंडळींच्या तोंडून निघत नाहीं.

आणि ज्या इटलीचें उदाहरण देतात, तेथें तरी काय आहे? आर्टिचोक म्हणून एक काटेरी भाजी आहे, तिच्यावर रोमच्या लोकांचें फार प्रेम. ती खाल्ल्यावर पाणी प्यालें तरी गोड लागतें, आणि चांगली वाइन बेचव होते. वाइनची वैरीण म्हणून ती सर्व पारख्यांना ठाऊक आहे. तिच्यामुळें रोमच्या जेवणाची जगाच्या टेबलावरची खुर्ची कोणीं काढून घेतली नाहीं. नेपल्सचा कोळी आपल्या माशाबरोबर बारोलो घेत नाहीं, आणि आपला मासा कमी प्रतीचा आहे असेंही त्याला वाटत नाहीं. बारोलो ही आल्बा शहराजवळच्या अकरा गांवांची वाइन आहे. त्या गांवांत हिंवाळा कडक, लोणी-मांस भरपूर, मिरची नाममात्र. तेथल्या जेवणाशीं तेथली वाइन जुळली, यांत आश्चर्य तें काय? एकाच विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या दोन झाडांचीं फळें तीं. अकरा गांवांचा कुळाचार साऱ्या पृथ्वीचा धर्मशास्त्रग्रंथ होऊं शकत नाहीं.

शिवाय हा कुळाचारही फारसा पुरातन नाहीं. आज जी कोरडी, गंभीर बारोलो आपण पितों तिचें रूप १९ व्या शतकांत ठरलें. तोस्कानांतल्या मोन्ताल्चिनोची ब्रुनेल्लो, जिचें नांव बारोलोच्या बरोबरीनें घेतात, तिची कीर्ति ब्योंदी-सान्ती घराण्याच्या १८८८ सालच्या बाटल्यांपासून सांगतात. दोघींनाही सरकारी नियमांची सर्वांत वरची पायरी १९८० सालीं मिळाली. माझ्या आजीचें पितळेचें कासंडें याहून जुनें होतें.

वयाविषयींही थोडें बोललें पाहिजे, कारण त्या रात्रीं 'पंधरा वर्षें' हे शब्द मीं पंधरा वेळां तरी ऐकले. बारोलोला विक्रीपूर्वीं निदान ३८ महिने मुरवावें लागतें, त्यांतले १८ लांकडाच्या पिंपांत. राखीव म्हणून विकायची असल्यास ६२ महिने. ब्रुनेल्लो तर तोडणीनंतरच्या पांचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वीं बाजारांत आणतां येत नाहीं. या धीराला माझा नमस्कार आहे. तुरट द्रव्यें एकमेकांना बिलगून जड होतात आणि गाळ होऊन तळाशीं बसतात. जी वाइन तरुणपणीं दांत आंबवते, ती अशी निवत जाते. परंतु जगांतली बहुतेक वाइन या प्रवासाला निघालेलीच नसते. ती दोनचार वर्षांत पिऊन टाकावयाची असते, आणि ठेवली तर बिघडते. जुना तांदूळ मोकळा शिजतो आणि जुने शेंगदाणे खवट होतात, हें आमच्या घरांतल्या कोणत्याही बाईला ठाऊक असतें. त्यासाठीं पारखी बोलवावा लागत नाहीं. रोमन लोकांनाही हा मोह होताच. ओपिमियस हा कॉन्सल असतांना, म्हणजे इसवी सनापूर्वीं १२१ सालीं, झालेलें मद्य त्यांच्यांत फार नांवाजलेलें. पुढें दोनशें वर्षांनीं प्लिनी लिहितो, कीं तें अजून शिल्लक आहे, पण आटून मधासारखें घट्ट आणि कडवट झालें आहे. तरीही त्याला किंमत येत होती. ती जिभेनें दिलेली नव्हती, हें उघड आहे.

रोमन लोकांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतों. भाच्याच्या टेबलावर बसलेल्या मंडळींना वाटत होतें, कीं इटालियन मद्य महाराष्ट्रांत आणण्याचा मान आपल्या पिढीचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तींत मद्य आहे, आणि त्यांतही इटालियनला पसंती असल्याचें नमूद केलें आहे. पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, येथील माल त्याच भडोचास गाड्यांतून जात असे. नेवासें येथें आणि आमच्या समोरच्या घारापुरीला रोमन मद्यकुंभांचीं खापरें सांपडलीं आहेत. तेव्हां सातवाहनांच्या काळीं या देशांत इटलीचें मद्य उतरत होतें, आणि उलट दिशेनें मलबारची मिरी भरभरून रोमला जात होती. रोमच्या स्वयंपाकांत ती इतकी शिरली, कीं अपिकियसच्या नांवावर असलेल्या पाकग्रंथांत मिरी नसलेला पदार्थ शोधावा लागतो. त्या ग्रंथाच्या आरंभींच मध आणि मिरी घालून सिद्ध केलेल्या मद्याची कृति आहे. आज आमचे पारखी तिखटाच्या नांवानें नाक मुरडतात, आणि ज्यांच्या नांवावर मुरडतात त्यांचे पूर्वज मद्यांतच मिरी घालून पीत होते!

मग आमच्या जेवणाला जोडीदार नाहीं काय? आहे, पण तो ताटाबाहेर शोधावा लागत नाहीं. आमचें पान एका पदार्थाचें नसतें. वर मीठ आणि लिंबाची फोड, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचें, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्यें भात. आणि जेवणारा प्रत्येक घांस आपल्या हातानें नवा जुळवितो. इटालियन माणूस एकामागून एक पदार्थ घेतो, म्हणून त्याला प्रत्येकाबरोबर एक पेला नेमतां येतो. आमच्या पानावर सहा रस एकाच वेळीं हजर असतात. त्यांतल्या कोणाबरोबर बाटलीचा पाट लावणार? आणि ज्या सोलकढीला त्या रात्रीं घराबाहेर काढलें, तिचें काम तरी काय असतें? आमसुलाचा आंबटपणा माशाचा हिंवसपणा कापतो, नारळाच्या दुधाची स्निग्धता मिरचीचा दाह शमविते, आणि पुढच्या घांसाला जीभ कोरी होते. उत्तम वाइननें जेवणांत जें करावें असें पारखी सांगतात, नेमकें तेंच. फरक इतकाच, कीं तिच्यावर सालाची चिठ्ठी नसते आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीं.

वाइन आमच्या स्वयंपाकघरांत कधीं आलीच नाहीं, असेंही कोणी समजूं नये. ठाकूरद्वारापासून चार पावलांवर खोताची वाडी आहे. तेथल्या जुन्या लांकडी घरांपैकीं बरीच पडलीं. जीं उरलीं आहेत त्यांतल्या ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळासाठीं घरीं वाइन घालण्याची चाल आहे. आमच्या लहानपणीं शेजारधर्म म्हणून केकबरोबर तिचा एक लहानसा पेला आमच्या वडिलांकडे येई, आणि वडील तो देवाकडे पाठ करून घेत. तिच्यांत गुलाबपाकळ्या कोणीं शोधल्या नाहींत. गोव्याकडची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पोर्तुगीज लोक मांस वाइन आणि लसूण यांत मुरवीत. त्या पदार्थाच्या नांवावरूनच 'विंदालू' हा शब्द आला. वाइन तेथें दुर्मिळ, म्हणून गोव्याच्या बायकांनीं तिच्या जागीं माडाच्या ताडीचा शिरका घातला, वर मिरची घातली, मसाला वाटला, आणि पदार्थ आपला केला. परक्या वस्तूशीं व्यवहार करण्याची ही आमची जुनी रीत. बाटलीला काय सोसतें हें त्या बायकांनीं विचारलें नाहीं. जेवणाराला काय रुचतें तें पाहिलें.

येथें दुसऱ्या बाजूची कांहीं मंडळी मला आपला समजून टाळ्या देऊं लागतील, म्हणून त्यांचीही रजा घेतों. मी दारूबंदीचा कैवारी नाहीं. २०२२ च्या जानेवारींत राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याला मान्यता दिली, तेव्हां संस्कृति बुडाल्याची ओरड झाली. ओरडणारांपैकीं कितीकांच्या घरीं फडताळांत द्राक्षासवाची बाटली होती! तेंही द्राक्षांचेंच, तेंही आंबवूनच झालेलें, आणि त्यांतही मद्यार्क असतोच. पण तें वैद्यानें दिलेलें, म्हणून सोवळें. कायदाही याच गमतींत सामील आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं परवाना मिळतो तो आवडीसाठीं नव्हे, तर प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठीं मद्याची गरज आहे, या सबबीवर. एक पक्ष पेल्याला पाप म्हणतो, दुसरा त्याला प्रतिष्ठा म्हणतो. चव पाहावयास दोघांनाही सवड नाहीं. दारूनें घरें बसलेलीं मीं गिरणगांवांत पाहिलीं आहेत, आणि त्या दुःखाची थट्टा मी करणार नाहीं. पण तीं घरें बारोलोनें बसलीं नव्हतीं. आणि बारोलो पिणाऱ्या घरांत जें बसलें आहे तें वेगळेंच कांहीं आहे.

पारख्यांना माझें सांगणें एवढेंच, कीं इटलीकडून शिकावयाचें तर वेलीकडून शिकावें. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजला तोस्कानाची सांजोव्हेझे द्राक्षें लावून त्यांची वाइन करतात. इटलीचे सेच्ची बंधु, अकलूजचें मोहिते-पाटील घराणें आणि दिल्लीचे सेखरी बंधु यांनीं मिळून हा उद्योग काढला. म्हणून त्याचें नांवच 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ. पिएरो माझी या तोस्कानाच्या जाणत्यानें तेथली वाइन घडविली. तोस्कानांत हा वेल हिंवाळाभर झोंपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्याची तोडणी होते. सोलापुरांत त्याला झोंप येईल अशी थंडीच नाहीं. तेथें वर्षांतून दोनदां छाटणी करावी लागते, एक उन्हाळ्याच्या तोंडीं आणि एक पावसाळ्याच्या शेवटीं, आणि द्राक्षें उतरतात तीं जानेवारीपासून मार्चपर्यंत. वेलानें अकलूजला येऊन आपलें पंचांग बदललें. पारखी मात्र गिरगांवांत जन्मून, गिरगांवांत वाढून, आल्ब्याचें पंचांग घेऊन बसले आहेत.

भाच्यालाही मी वाइन सोड म्हणत नाहीं. त्यानें बारोलो जरूर आणावी. कित्येक वर्षें तिच्यावर नुसतें सीमाशुल्कच १५० टक्के होतें, तेव्हां जो ती आणतो त्याचें धाडस मी जाणतों. पण ती आणल्या दिवशीं तिचें जेवण करावें. भाजलेलें मटण, जुनें चीज, पाव, आणखी फार तर भाजक्या खोबऱ्याची, मिरची बेताची असलेली एखादी रस्साहीन कृति. अशी आमच्यांत पुष्कळ आहे, आणि तिला मुरड घालण्याची गरज नाहीं. ज्या दिवशीं हुमण असेल त्या दिवशीं कपाटाला कुलूप असावें. आणि दोन्ही एकाच दिवशीं हवीं असतील, तर आधीं हुमण-भात सोलकढीसकट पोटभर जेवावें, हात धुवावे, तासभर गप्पा माराव्या, मग बाटली उघडावी. अक्काच्या मिरच्या मोजण्याचा अधिकार मात्र कोणत्याही सालच्या बाटलीला नाहीं.

त्या जेवणानंतर तिसऱ्या दिवशीं मी अक्काकडे गेलों. भाचा कचेरींत होता. तिनें हुमण केलें होतें, उकड्या तांदळाचा भात होता, आणि सोलकढी होती. बारा वर्षांचा असतांना जेवलों असेन तसा जेवलों. मागचें आवरतांना तिनें कपाटांतून ती बारोलोची बाटली काढली. तळाशीं चार बोटें उरली होती, बूच लावून ठेवलेली. "याचा शिरका होईल का रे?" तिनें विचारलें. मीं सांगितलें, होईल. पण तोंडाला फडकें बांधून, वारा लागेल असा ठेवावा लागेल, आणि महिने लागतील. तिनें स्टूल लावलें आणि माळ्यावरची लोणच्याची चिनी मातीची बरणी मला खालीं काढावयास लाविली.